लावला गुलाबी, फुलला लाल

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही न्यू जर्सीतल्या या घरात राहायला आलो. पहिल्याच शनिवारी मी गार्डन सेंटरमधून एक गुलाब आणला. लांब दांड्याचा, फिकट गुलाबी, मंद वासाचा. पुण्यात आमच्या गच्चीवर होता अगदी तसाच. उन्हाळाभर तो छान फुलला. सप्टेंबरमध्ये आई आली, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तिनं त्याची गुडघ्याएवढी छाटणी केली, गच्चीवर दरवर्षी करायची तशीच. मी शेजारी उभी राहून फांद्या गोळा केल्या.

हिवाळा सरला तेव्हा जमिनीवरचा सगळा भाग काळा पडला होता. उपटून टाकणार होते, पण मे महिन्यात बुडातून जोमदार फूट आली. त्या वर्षी फांद्या पाच-सहा फूट वाढल्या, फूल मात्र एकही आलं नाही. त्याच्या पुढच्या जूनमध्ये झाड फुलांनी लगडलं, आणि ती फुलं होती लहान, गडद लाल, जवळजवळ बिनवासाची. तीन आठवडे फुलली आणि संपली. वर्षभर पुन्हा कळीही नाही.

व्हिडिओ कॉलवर आईनं निकाल दिला, "रोपवाल्यानं फसवलं तुला." मला वाटलं, नक्कीच म्युटेशन! माझी पीएच.डी. यीस्टमधल्या प्रथिनांवर आहे, त्यामुळे काहीही विचित्र दिसलं की मला आधी म्युटेशन आठवतं. आम्ही दोघीही चुकलो होतो. खरं उत्तर शोधताना मला जे कळत गेलं, तेच या लेखात सांगणार आहे. कारण या एका कोड्याच्या उत्तरात घरच्या बागेत गुलाब कसा जगवायचा याचं जवळजवळ सगळं शास्त्र येतं. शिवाय नवीन देशात येऊन गुलाब लावणारे आपण बहुतेकजण एकच चूक करतो: रोप इथलं घेतो आणि वेळापत्रक घरून आणतो.

एका रोपात दोन झाडं

गुलाबाची रोपं करणाऱ्यांचा एक जुना शब्द आहे: डोळा भरणे. काटक, जंगली वळणाच्या गुलाबाचा खुंट घ्यायचा, त्याच्या सालीला इंग्रजी 'टी' अक्षरासारखी चीर द्यायची आणि तिच्यात हव्या त्या वाणाचा एक डोळा, म्हणजे सुप्त कळी, सरकवून वर पट्टी बांधायची. सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. दोघांचे हे थर एकमेकांना भिडले की काही आठवड्यांत सांधा जुळतो, पाणी आणि साखर वाहून नेणाऱ्या नळ्या एक होतात. मग खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची.

पण सांधा जुळला तरी जनुकं मिसळत नाहीत. सांध्याच्या वरची प्रत्येक पेशी गुलाबी वाणाची राहते आणि खालची प्रत्येक पेशी खुंटाची. माझ्या रोपाचा सांध्यावरचा भाग थंडीनं मेला, जमिनीखालचा खुंट जगला, आणि वसंतात त्यानं स्वतःची फूट काढली. अमेरिकेत खुंट म्हणून सर्रास वापरतात तो गुलाब म्हणजे 'डॉक्टर ह्यूई'. फिलाडेल्फियाच्या जॉर्ज थॉमस यांनी तो १९१४ च्या सुमारास तयार केला आणि आपल्या एका गुलाबवेड्या दंतवैद्य मित्राचं नाव त्याला दिलं. तो गडद लाल फुलतो, वर्षातून एकदाच, जूनच्या आसपास. तुमच्या गल्लीत एखाद्या जुन्या घरापुढे असा लाल गुलाब दिसला, तर तिथे बहुधा कुणीतरी कधीकाळी वेगळाच गुलाब लावला होता. तेव्हा रोपवाल्यानं फसवलं नव्हतं आणि म्युटेशनही नव्हतं. मी दोन झाडं विकत आणली होती आणि त्यातलं एक मारलं होतं.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कलमी गुलाब घेतलात आणि तुमच्याकडे जमीन गोठत असेल, तर सांध्याची गाठ मातीच्या दोन इंच खाली जाईल असं रोप लावा. माती ऊब धरून ठेवते, आणि वरचं सगळं गोठलं तरी हव्या त्या वाणाचे डोळे मातीत सुरक्षित राहतात. माझी गाठ चार बोटं वर होती, पुण्याच्या कुंडीत असायची तशी. दुसरी गोष्ट: सांध्याखालून, वेगळ्याच पानांची फूट येताना दिसली तर ती वरवर कापू नका. बुडाशी माती उकरा आणि उगमापासून ओढून काढा. कापलीत तर बुडाचे डोळे शिल्लक राहतात आणि एकाच्या चार फांद्या होतात.

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे स्वतःच्या मुळांवर वाढणारा गुलाब घेणं. तो छाटकलमापासून केलेला असतो, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच झाड. थंडीनं जमिनीपर्यंत मेला तरी पुन्हा तोच उगवतो. इथे मिळणारे झुडुपी गुलाब, म्हणजे श्रब रोझ, बहुतेक असेच असतात.

कोणीही लाड न केलेले गुलाब

झुडुपी गुलाब ही शास्त्रशुद्ध जात नाही. इतर कुठल्याच खणात न बसणाऱ्या गुलाबांचा तो एक मोठा खण आहे. साधारण ओळख अशी: झाड बुडापासून भरगच्च, तीन ते सहा फूट उंच, फुलं एकेकटी नाही तर झुबक्यांनी, आणि तब्येत दणकट. ही तब्येत कुठून आली याची गोष्ट मला फार आवडते, कारण आम्ही प्रयोगशाळेत यीस्टवर जे करतो तेच काही लोकांनी परसात केलं: ताण द्या, आणि जो टिकेल तो निवडा.

आयोवा स्टेट विद्यापीठातल्या ग्रिफिथ बक यांनी आपली रोपं उघड्या शेतात लावली. ना औषधफवारणी, ना हिवाळ्यात पांघरूण. आयोवाच्या थंडीतून जी उठली ती ठेवली, बाकीची गेली. त्यांचा 'केअरफ्री ब्यूटी' १९७७ मध्ये बाजारात आला. विस्कॉन्सिनचे विल्यम रॅडलर आणखी पुढे गेले. काळ्या ठिपक्याच्या रोगानं भरलेली पानं ते गोळा करायचे, वाळवून त्यांची पूड करायचे, ती पूड स्वतःच्याच रोपांवर भुरभुरायचे आणि वरून पाण्याचे फवारे सोडायचे. रोगाला इतकं मनापासून आमंत्रण दिल्यावरही जे रोप हिरवं राहिलं, त्यातून २००० साली 'नॉक आउट' आला. त्याच्या पूर्वजांमध्ये बक यांचा 'केअरफ्री ब्यूटी' आहे. आज अमेरिकेत पार्किंगच्या कडेनं, बँकेच्या दारात, मॉलबाहेर जो गुलाब दिसतो तो बहुधा हाच किंवा याच्या कुटुंबातला. कॅनडात फेलिसितास स्वेयदा यांनी ओटावाच्या सरकारी शेतावर रोझा रुगोसा वगैरेंच्या संकरातून 'एक्सप्लोरर' मालिका तयार केली. कडाक्याच्या थंडीसाठी ती अजूनही उत्तम. इंग्लंडमध्ये डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या गुलाबांचा वास आणि पाकळ्यांची दाटी नव्या झुडुपांत आणली.

म्हणून रोप निवडताना आधी फुलाचा फोटो पाहू नका, आपला पत्ता पाहा. अमेरिकेत कृषी खात्याचा थंडीचा नकाशा आहे. त्यात झिप कोड टाकला की तुमचा विभाग कळतो, आणि रोपाच्या चिठ्ठीवर ते कुठल्या विभागापर्यंत टिकेल हे लिहिलेलं असतं. मिनेसोटा किंवा कॅनडात असाल तर एक्सप्लोरर आणि रुगोसा. टेक्ससमध्ये असाल तर टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची 'अर्थ-काइंड' यादी. ही झाडं फवारणीशिवाय आणि कमी पाण्यावर तपासलेली आहेत. आमच्या जर्सीत जवळजवळ सगळेच चालतात. मात्र दमट उन्हाळ्यात रोग सोसणारा वाणच घ्या.

छाटणी: पुण्याची आणि इथली

आता आईच्या छाटणीकडे वळू. ती चुकीची नव्हती. ती चुकीच्या जागी होती.

फांदीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली झिरपतं. जोवर ते येत राहतं, तोवर खालचे डोळे झोपून असतात. ही शेंड्याची दादागिरी. शेंडा कापला की धाक संपतो, शेंड्याकडे जाणारी साखर खालच्या डोळ्यांकडे वळते, आणि काही दिवसांत ते फुटतात. म्हणजे छाटणी हा झाडाला दिलेला एक निरोप आहे: "उठा, वाढा."

पुण्यात ऑक्टोबरमध्ये हा निरोप अगदी वेळेवर असतो. पाऊस संपलेला, ऊन स्वच्छ, पुढे चार महिने कोरडी, सौम्य थंडी. गोठण्याचं भय नाही. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत, डिसेंबरच्या आसपास, वर्षातली सर्वांत सुंदर फुलं येतात. तिथे गुलाबाला खरी झोप मिळतच नाही. छाटणी हाच त्याचा हिवाळा.

जर्सीत ऑक्टोबरमध्ये झाड उलट कामाला लागलेलं असतं. दिवस लहान होतात, रात्री गारठतात, आणि या दोन खुणांवरून ते वाढ थांबवतं. पेशींमध्ये साखर साठते, पेशीपटलाची घडण बदलते, आणि पेशीतलं थोडं पाणी बाहेरच्या फटींमध्ये जातं. बर्फ तिथे झाला तर चालतो. पेशीच्या आत झाला तर पेशी फाटते. ही तयारी पुरी व्हायला काही आठवडे लागतात. नेमक्या त्या वेळी आम्ही "उठा, वाढा" असा निरोप दिला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला चार उबदार दिवस आले, लालसर कोवळी फूट आली, मी तिचा फोटोही काढला. मग एका रात्री पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला. पाण्यानं भरलेल्या त्या कोवळ्या फुटीचा काळा चिखल झाला, आणि फूट काढण्यात झाडाची शिल्लक साखरही खर्च झाली होती. उघडी राहिलेली गाठ आणि अवेळी छाटणी, दोन्ही मिळून वरचं झाड गेलं.

मग इथे छाटायचं कधी? कॅलेंडर पाहू नका, फोर्सिथिया पाहा. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला कुंपणाकडेचं ते झुडूप पिवळंधमक होतं, तेव्हा सिकेटर हातात घ्या. जमिनीतली आणि हवेतली ऊब त्यालाही कळलेली असते, आणि ते चूक कमी करतं. आधी मेलेल्या, काळ्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढा. उरलेल्या झाडाची उंची साधारण एक तृतीयांशानं कमी करा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर. पण मोजपट्टी घेऊन बसू नका. इंग्लंडच्या रॉयल नॅशनल रोझ सोसायटीच्या चाचण्यांत काही झाडं नीट निगुतीनं छाटली आणि काही सरळ हेज ट्रिमरनं सपासप कापली, तर दुसऱ्या गटाची फुलं काही कमी आली नाहीत. वेळ चुकवू नका, काप चुकला तर चालतो.

एक अपवाद आहे, आणि माझा 'डॉक्टर ह्यूई' त्याचं उदाहरण. मूळचे बहुतेक गुलाब वर्षातून एकदाच, वसंतात, गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात. त्यांच्यात 'केएसएन' नावाचं एक जनुक आहे, ते उरलेलं वर्ष फुलणं दाबून ठेवतं. चीनमधल्या गुलाबांत कधीतरी या जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक उडता तुकडा, म्हणजे ट्रान्सपोझॉन, येऊन बसला आणि ब्रेक निकामी झाला. त्या झाडाची प्रत्येक नवी फांदी फुलायला लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे चिनी गुलाब युरोपात पोहोचले, आणि आज वारंवार फुलणारे जवळजवळ सगळे गुलाब तो मोडका ब्रेक बाळगून आहेत. हे जनुक नेमकं कोणतं ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा म्युटेशनबद्दलचा माझा अंदाज अगदीच वाया गेला नाही. फक्त जागा आणि काळ चुकला.

व्यवहारात याचा अर्थ असा: 'नॉक आउट'सारखे वारंवार फुलणारे गुलाब नव्या फुटीवर फुलतात, म्हणून हिवाळा संपताना छाटा. एकदाच फुलणारे जुन्या फांद्यांवर फुलतात. ते मार्चमध्ये छाटलेत तर वर्षाची फुलंच कापलीत. त्यांना बहर संपल्यावर छाटा. माझ्या झाडाला पहिल्या वर्षी फूल का आलं नाही, तेही इथे सुटतं. तेव्हा त्याच्याकडे जुनी फांदीच नव्हती.

शरद ऋतूत मग करायचं काय? ऑगस्टच्या मध्यानंतर खत बंद. सप्टेंबरपासून सुकलेली फुलं तोडणंही बंद. फळं धरू द्या. उन्हाळ्यात फूल तोडलं की झाड पुन्हा फुलतं, आणि फळ धरलं की वेग मंदावतो. या वेळी आपल्याला तेच हवं असतं.

दुबई-मस्कतच्या वाचकांनी वरचं सगळं उलटं वाचावं. तुमच्याकडे गुलाबाचा वैरी उन्हाळा आहे, बहर थंडीतला, त्यामुळे पुण्याचं वेळापत्रक तुम्हाला जवळचं. ऑस्ट्रेलियातल्या मंडळींची छाटणी जुलै-ऑगस्टमध्ये.

ऊन, माती आणि कोरडी पानं

गुलाबाला निदान सहा तास थेट ऊन हवं, आणि सकाळचं मिळालं तर उत्तम. कारण फक्त प्रकाशसंश्लेषण नाही. सकाळचं ऊन पानांवरचं दव लवकर वाळवतं. ते का महत्त्वाचं, हे काळा ठिपका सांगेल. हा रोग डिप्लोकार्पन रोझी या बुरशीमुळे होतो. तिचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात आणि रुजायला पान सलग सात तास तरी ओलं राहावं लागतं. म्हणजे संध्याकाळी स्प्रिंकलर लावून झोपलात तर बुरशीची रात्रभराची सोय केलीत. पाणी सकाळी द्या, बुडाशी द्या, शक्य तर ठिबकनं द्या. दोन झाडांत तीन-चार फूट अंतर ठेवा, म्हणजे वारा खेळेल. ठिपक्याची पानं गळली की उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. रोगप्रतिकारक वाणसुद्धा कायमचा अभेद्य नसतो. बुरशीचेही वेगवेगळे वंश आहेत आणि एका वंशाला अडवणारं जनुक दुसऱ्याला अडवेलच असं नाही.

आमच्या भागात माती लालसर आणि चिकट आहे. ओली असताना गोळा, वाळली की वीट. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद पण तेवढाच खोल घ्या, आणि निघालेलीच माती परत भरा. कंपोस्ट वरून दोन इंच पसरा, गांडुळं ते खाली नेतात. त्यावर लाकडाच्या सालीचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, पण खोडापासून चार बोटं लांब. मातीचा सामू, म्हणजे पीएच, ६ ते ६.५ असावा. तो सातच्या वर गेला तर लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही, आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. अशा वेळी लोक खत वाढवतात, आणि त्यानं काही होत नाही. आधी माती तपासा. न्यू जर्सीत रटगर्स विद्यापीठाची माती प्रयोगशाळा हे काम करते, इतर राज्यांतही विद्यापीठांच्या सेवा आहेत. पाणी आठवड्याला इंचभर, पावसासकट. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर मुरवा, म्हणजे मुळंही खोल जातात.

जुलैतले पाहुणे

जुलैत पानांची जाळी आणि फुलांत तांबूस-हिरवे चकचकीत भुंगेरे दिसले, तर ते जपानी भुंगेरे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले १९१६ मध्ये, न्यू जर्सीतच, रिव्हरटनजवळच्या एका रोपवाटिकेत. म्हणजे या बाबतीत आमचं राज्य पहिलं! त्यांनी कुरतडलेल्या पानांतून जो वास सुटतो तो इतर भुंगेऱ्यांना बोलावतो, त्यामुळे पहिले दहा पाहुणे काढणं हे नंतरचे शंभर मारण्यापेक्षा मोलाचं. भल्या सकाळी ते गारठून सुस्त असतात. साबणाच्या पाण्याची बादली खाली धरा आणि फांदी हलवा. दुकानात मिळणारा वासाचा सापळा लावू नका; तो पकडतो त्याहून जास्त भुंगेरे अंगणात आणतो. फुलावर आलेल्या झाडाला कीटकनाशक नकोच, कारण तिथे मधमाश्याही येतात. कळ्यांवरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेनं पडतो, उरलेला लेडीबग खातात.

उपटावंच लागतं तेव्हा

आता एक अप्रिय भाग. गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या तीन 'नॉक आउट'पैकी एकाला एक वेगळीच फांदी आली. गडद लाल, जाड, केरसुणीसारखा पानांचा झुबका, आणि तिच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त काटे. गुलाबाची कोवळी फूट लालच असते, म्हणून मी वाट पाहिली. निरोगी फूट आठ-पंधरा दिवसांत हिरवी होते. ही झाली नाही. मी ती फांदी कापली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूनं तशीच आली.

हा रोझ रोझेट रोग. २०११ मध्ये त्याचा विषाणू ओळखला गेला. तो पसरवतो एक कोळी, डोळ्यांना न दिसणारा, पंख नसलेला, वाऱ्याबरोबर उडत जाणारा. या रोगावर औषध नाही. लक्षण दिसेपर्यंत विषाणू त्या फांदीपलीकडे पोहोचलेला असू शकतो, म्हणून नुसती फांदी कापून भागत नाही. झाडावर मोठी पिशवी चढवून, मुळांसकट उपटून, कचऱ्यात टाकावं लागतं. 'नॉक आउट' काळ्या ठिपक्यापुढे दणकट असला तरी इथे हतबल आहे, आणि हजारोंनी एकासारखे एक लावल्यामुळे रोगाला सलग रस्ताच मिळतो.

खरं सांगते, मी अजून आठवडाभर टाळाटाळ केली. झाड वरून सुंदर दिसत होतं, फुलतही होतं. पण समोरच्या घरातल्या आजोबांची चाळीस फुटांची गुलाबाची रांग आहे, आणि वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहतो. माझ्या घरात ते एक झाड होतं. त्यांच्याकडे ती वीस वर्षांची मेहनत आहे. शेवटी रविवारी सकाळी झाड उपटलं आणि त्यांना जाऊन सांगितलं. आता दर पंधरवड्याला ते त्यांची रांग तपासतात आणि मी माझी उरलेली दोन. अशी फांदी तुम्हाला दिसली तर माझ्यासारखी वाट पाहू नका. फक्त आधी एवढी खात्री करा की जवळपास तणनाशक मारलेलं नाही, कारण त्याचीही लक्षणं थोडीफार अशीच दिसतात.

या रोगाचं माहेरघर म्हणजे रानात माजलेला रोझा मल्टिफ्लोरा. जपानमधून खुंट म्हणून आणलेला हा गुलाब १९३० च्या दशकात सरकारी मृदसंधारण खात्यानं धूप थांबवण्यासाठी आणि जिवंत कुंपणासाठी लोकांना वाटला. पुढे तो अनेक राज्यांत तण म्हणून जाहीर झाला. आणि गंमत म्हणजे काळ्या ठिपक्याला अडवणारं एक महत्त्वाचं जनुक शास्त्रज्ञांना याच मल्टिफ्लोरात सापडलं. तेव्हा झाडाला एकदम चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही. कुठे लावलं ते आधी विचारावं लागतं.

"वास आहे का?"

माझ्या प्रत्येक नव्या गुलाबाबद्दल आईचा पहिला प्रश्न हाच. 'नॉक आउट'ला तो जवळजवळ नाही. गुलाबाच्या वासातला एक मुख्य घटक जिरॅनिऑल. इतर बऱ्याच वनस्पती तो एका ठरावीक मार्गानं बनवतात. गुलाब मात्र 'नडएक्स-१' नावाचं भलतंच विकर वापरतो, हे फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. वासाच्या गुलाबांत हे जनुक जोरात चालतं, बिनवासाच्यांत मंद.

वास हवा असेल, आणि गुलकंदही करायचा असेल, तर रोझा रुगोसाच्या कुळातला 'हान्सा' लावा. लवंगेची झाक असलेला दाट वास, कडक थंडी आणि समुद्राची खारी हवा दोन्ही सोसण्याची ताकद, आणि रोगही फारसे नाहीत. त्याच्या सुरकुतलेल्या पानांना फवारणी सोसत नाही, म्हणजे आपोआप बिनऔषधाचा गुलाब. मात्र तो बाजूनं पसरतो, आणि ब्रिटनसह उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवर रुगोसा उपद्रवी ठरला आहे. तिथल्या वाचकांनी तो टाळावा. आणि एक सूचना कृपया गांभीर्यानं घ्या: दुकानातून नुकत्याच आणलेल्या झाडाच्या किंवा बुकेतल्या पाकळ्यांचा गुलकंद करू नका. शोभेच्या गुलाबांना दिलेली काही औषधं झाडाच्या आत भिनतात. पाकळ्या धुऊन ती जात नाहीत.

आई या सप्टेंबरमध्ये पुन्हा येते आहे. पहिल्या गुलाबाचं तिनं अजून मनाला लावून घेतलेलं आहे, म्हणून मी हा सगळा लेख तिला आधी फोनवर वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग ऑक्टोबरमध्ये मी तिथे करू काय?"

तिला सांगितलं, पाऊस नसेल तेव्हा पाणी घाल आणि 'हान्सा'ची फळं लाल होताना बघ. छाटणी मी करीन, फोर्सिथिया फुलल्यावर, आणि तुला व्हिडिओ कॉलवर दाखवीन.

आणि तो 'डॉक्टर ह्यूई'? उपटला नाही. मागच्या कुंपणावर चढवला आहे. जूनमध्ये तीन आठवडे तिथून नजर हलत नाही.